लस, विवेक आणि पेट्रोल : एका व्हॅटिकन टिपणाचं वाचन

प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. परीक्षेत त्याचं उत्तर चार ओळींत लिहिता येतं आणि गुणही मिळतात. पण हा फरक प्रत्यक्षात विसरला की काय होतं, हे आज माझ्याच एका चुकीवरून सांगते. ही चूक प्रबंधाच्या मसुद्यात झालीच, पण त्याआधी ती आमच्या गल्लीत झाली होती.

आमचं घर चिकलठाण्यात. विमानतळ, एमआयडीसी आणि जालना रोड यांच्या मधला हा भाग. इथलं जिल्हा सामान्य रुग्णालय सगळे 'मिनी घाटी' म्हणूनच ओळखतात. २०२० मध्ये ते कोविडसाठी राखून ठेवलं गेलं आणि एमआयडीसीतल्या मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेने कोविड रुग्णालय सुरू केलं. त्यामुळे साथ आम्ही टीव्हीवर कमी आणि खिडकीतून जास्त पाहिली.

आमच्या शेजारी एक कॅथलिक काका राहतात. कंपनीतून निवृत्त झालेले, दर रविवारी स्कूटरवरून मिस्साला जाणारे. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या मोबाइलवर दोन मेसेज होते. एकात लिहिलं होतं की ही लस गर्भपात केलेल्या बाळापासून बनवतात, म्हणून चर्चला ती मान्य नाही. दुसरा त्यांच्या मुलीने पाठवला होता : पोपने सांगितलंय, प्रत्येक कॅथलिकाने लस घेतलीच पाहिजे.

"तू इतिहासात पीएचडी करतेस ना पोरी, मग तूच सांग. पोप नेमकं काय म्हणतो?"

माझा विषय एकोणिसाव्या शतकातल्या साथी आणि धर्मसंस्था हा आहे, त्यामुळे मला चेव आला. मी म्हणाले, "काका, हे जुनंच आहे. देवीच्या लसीवर पोप बाराव्या लिओने १८२९ मध्ये बंदीच घातली होती."

काका म्हणाले, "म्हणजे पहिला मेसेज खरा." आणि ते घरात गेले.

हुकूमनामा कुठे आहे?

हेच वाक्य माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यातही होतं. खाली व्यवस्थित तळटीप होती, एका इंग्रजी पुस्तकाची. मार्गदर्शक मॅडमनी समासात पेन्सिलने चारच शब्द लिहिले : "मूळ हुकूमनामा कुठे आहे?"

शोधायला बसले. माझ्या पुस्तकाची तळटीप दुसऱ्या पुस्तकाकडे जात होती, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आधीच्याचा हवाला देत होता आणि हुकूमनाम्याचा मजकूर कुणाकडेच नव्हता. नंतर कळलं की हा पाठलाग १९८० च्या दशकात डोनाल्ड कीफ या जेझुइट धर्मशास्त्रज्ञाने आधीच करून ठेवला होता. त्यालाही साखळीच्या शेवटी मूळ कागद सापडला नाही.

मग घडलं काय होतं? त्या काळी मध्य इटलीवर पोपचं प्रत्यक्ष राज्य होतं. सातवा पायस पोप असताना, १८२२ मध्ये, त्याचा राज्यसचिव कार्डिनल कोन्साल्वी याने राज्यात देवीच्या लसीकरणाची व्यवस्था लावून दिली आणि तिच्यात सक्तीचा भाग होता. बारावा लिओ १८२३ मध्ये पोप झाला आणि १८२४ मध्ये ती सक्ती काढून टाकली गेली. लस मात्र चालू राहिली, आणि मागेल त्याला ती फुकट टोचायची ही डॉक्टरांची जबाबदारीही राहिली. म्हणजे 'सक्ती नाही' एवढंच घडलं होतं. पुस्तकांतून पुस्तकांत जाताना त्याचं 'बंदी आहे' झालं.

हे वाक्य लक्षात ठेवा. २०२०-२१ मध्येही नेमकं हेच घडलं, फक्त पुस्तकांऐवजी मोबाइलवरून.

पेशींचा प्रश्न

आता काकांचा पहिला मेसेज. तो सगळाच खोटा होता का? नाही. आणि इथे घाई केली तर आपणही दुसऱ्या टोकाची चूक करतो.

विषाणू हा जिवंत पेशींतच वाढतो, त्यामुळे अनेक लसी तयार करताना प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी लागतात. १९६० च्या दशकात अशा दोन पेशीमालिका तयार झाल्या : अमेरिकेत डब्ल्यूआय-३८ आणि ब्रिटनमध्ये एमआरसी-५. दोन्हींचं मूळ गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या ऊतींत होतं. १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन इथे गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून एचईके-२९३ ही मालिका तयार झाली. २९३ हा फ्रँक ग्रॅहम या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाचा क्रमांक. तेव्हापासून त्याच पेशींची पिढ्यान्‌पिढ्या वाढ होत आली आहे. लस बनवायला दर वेळी नवा गर्भ लागत नाही आणि लशीत बाळाचे अवयव नसतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड एचईके-२९३ पेशींत तयार होत असे. ही काही दडवलेली गोष्ट नव्हती, लशीच्या माहितीपत्रकात ती छापलेली होती. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनसाठी व्हेरो नावाच्या, माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी वापरल्या जात.

म्हणजे मेसेजमधला पहिला अर्धा भाग वाईट भाषेत सांगितलेलं एक सत्य होतं. चूक होती ती 'म्हणून' या शब्दात : '*म्हणून* चर्चला ती मान्य नाही.'

'म्हणून' च्या मागचा इतिहास

दुसऱ्याने केलेल्या वाईट कामाचा फायदा आपण घेतला तर आपण किती दोषी? कॅथलिक नीतिशास्त्रात या प्रश्नावर काही शतकं खल झाला आहे. मालक चोरून कुणाच्या खिडकीतून आत शिरतोय आणि नोकर शिडी धरून उभा आहे, तर नोकराला पाप लागतं का? हे नुसतं वर्गातलं उदाहरण नव्हे. १६७९ मध्ये पोप अकराव्या इनोसंटने जी ढिली मतं धिक्कारली, त्यांत अशा नोकराला सहज मोकळं सोडणारं एक मत होतं. पुढे अठराव्या शतकात आल्फोन्सस लिगोरीने याची नीट मांडणी केली. वाईट हेतूतच सहभागी होणं वेगळं. हेतू मान्य नसताना आपल्या कृतीचा त्याला उपयोग होणं वेगळं. आणि या दुसऱ्या प्रकारातही अंतर मोजायचं : शिडी धरणारा जवळचा, शिडी विकणारा लांबचा, आणि पन्नास वर्षांनी तीच शिडी आंबे उतरवायला वापरणारा फारच लांबचा.

लशींना हे मोजमाप सविस्तर लावलं गेलं ते रुबेलाच्या लशीमुळे. अमेरिकेतल्या एका संघटनेने २००३ मध्ये व्हॅटिकनला पत्र लिहिलं आणि पाँटिफिकल अकॅडमी फॉर लाइफ या संस्थेने २००५ मध्ये उत्तर दिलं. आशय असा : पर्यायी लस असेल तर ती मागा, कंपन्यांवर दबाव आणा, पण पर्याय नसेल आणि मुलांना किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर ही लस घेता येते. यातली गुंतागुंत समजून घ्या. गरोदर बाईला रुबेला झाला तर गर्भ दगावू शकतो, किंवा बाळ बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचे दोष घेऊन जन्मतं. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत अशी सुमारे २० हजार बाळं जन्मली. गर्भाच्या जिवासाठी लस नाकारायची, तर त्याने दुसऱ्या गर्भांनाच धोका.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम झाली आणि ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. सीरमच्या या लशीतला रुबेलाचा भागही मानवी पेशीमालिकेवरच वाढवलेला असतो. तेव्हा आमच्या गल्लीत कुणी हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. एखादा नैतिक प्रश्न *कधी* विचारला जातो, हासुद्धा इतिहासाचा विषय आहे.

टिपणात काय आहे, काय नाही

श्रद्धा-सिद्धांत मंडळाचं कोविड लशींवरचं टिपण २१ डिसेंबर २०२० ला प्रसिद्ध झालं. पोप फ्रान्सिस यांची त्याला १७ डिसेंबरला मान्यता मिळाली होती. जेमतेम सहा कलमं. मुळातून वाचायला अर्धा तासही लागत नाही आणि तरीही मी ते काकांशी बोलण्याआधी वाचलं नव्हतं.

लस सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, हे ठरवणं आमचं काम नाही, असं ते सुरुवातीलाच सांगतं. ते काम वैद्यक-संशोधकांचं आणि औषध नियंत्रकांचं.

मग मुख्य निवाडा : नैतिकदृष्ट्या निर्दोष लस मिळत नसेल तेव्हा अशा पेशींवरून तयार झालेली लस घेणं मान्य आहे, कारण घेणाऱ्याचा मूळ गर्भपाताशी संबंध लांबचा आहे आणि समोरचा धोका गंभीर आहे. 'मिळत नसेल' म्हणजे काय, हेही दिलं आहे. त्यातली एक परिस्थिती अशी की देशात वेगवेगळ्या लसी आहेत, पण कोणती घ्यायची याची निवड आरोग्ययंत्रणा नागरिकाला देत नाही. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं तेव्हा नेमकी हीच स्थिती होती. केंद्रावर जी असेल ती घ्यायची. कोव्हॅक्सिन देशात होती, पण काकांच्या दंडापर्यंत कोणती पोचणार हे त्यांच्या हातात नव्हतं.

लस घेतली म्हणजे गर्भपाताला किंवा त्या पेशींच्या वापराला संमती दिली असं होत नाही, हेही स्पष्ट केलंय.

पाचवं कलम सगळ्यांत जास्त तुटक्या रूपात फिरलं. ते सांगतं की लस घेणं हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, म्हणून ते ऐच्छिक असलं पाहिजे. विरोधकांनी इथे कात्री लावली. पण कलम पुढे जातं : प्रश्न फक्त स्वतःच्या आरोग्याचा नाही, सर्वांच्या हिताचाही आहे. साथ थांबवायला दुसरं साधन नसेल तर दुबळ्यांच्या रक्षणासाठी लस घेणं योग्य ठरू शकतं. आणि जो सदसद्विवेकबुद्धीने नकार देतो, त्याने बाकीचे सगळे उपाय पाळून आपल्यामुळे संसर्ग पसरणार नाही याची पराकाष्ठेने काळजी घ्यायची. म्हणजे नकाराची मोकळीक आहे, पण ती फुकट नाही.

शेवटचं कलम औषध कंपन्या आणि सरकारांकडे वळतं : गरीब देशांना लस परवडेल अशी मिळाली पाहिजे. हे कलम कुणीच फॉरवर्ड केलं नाही.

काकांच्या मुलीचा मेसेजही असाच अर्धा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका व्हिडिओ संदेशात लस घेणं ही प्रेमाची कृती असल्याचं सांगितलं. हे आवाहन होतं, आज्ञा नव्हती. 'प्रेमाची कृती' चं 'घेतलीच पाहिजे' झालं, जसं १८२४ च्या 'सक्ती नाही' चं 'बंदी आहे' झालं होतं.

दार बंद ठेवणं ही भक्ती असते का?

'बाकीचे सगळे उपाय' म्हटलं की विषय धर्मग्रामाच्या दारापर्यंत येतो. चर्चमध्ये एकत्र यायचं की नाही? हाही नवा प्रश्न नाही. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा तिथला आर्चबिशप कार्लो बोरोमिओ याने चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा पाहता यावा. पण त्यानेच मिरवणुकाही काढल्या. सावधगिरी आणि सामूहिक प्रार्थना यांची ही ओढाताण एकाच माणसात दिसते. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत वांद्रे, गिरगाव या भागांत कॅथलिक वस्त्यांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. 'प्लेग क्रॉस' म्हणून ओळखले जाणारे त्यांतले काही आजही उभे आहेत.

२०२० मध्ये खिडकीची जागा मोबाइलने घेतली. मार्च २०२० मधल्या व्हॅटिकनच्या आदेशाने पवित्र सप्ताहातले विधी लोकांविना करायला सांगितलं. पाय धुण्याचा विधी वगळला आणि शुभ शुक्रवारी क्रूसाचं चुंबन फक्त धर्मगुरूने घ्यायचं असं ठरलं. १२ एप्रिलचा ईस्टर टाळेबंदीत गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला, उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. तारखा ठरवल्या त्या राज्याने, तेही सगळ्या धर्मांसाठी एकत्र. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात व्हॅटिकनच्या उपासना मंडळाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनी म्हटलं होतं की ऑनलाइन मिस्सा ही प्रत्यक्ष मिस्साची जागा घेऊ शकत नाही, परिस्थिती परवानगी देईल तसं लवकर परत या. परवानगी देईल *तसं*. इथेही सगळा भार एका छोट्या शब्दावर आहे.

काका या काळात मिस्सा मोबाइलवर पाहत. "ख्रिस्तप्रसाद मोबाइलमधून मिळत नाही गं," एवढंच एकदा म्हणाले होते.

पेट्रोल

ऑक्टोबरमध्ये मी काकांकडे गेले आणि सांगितलं की माझं चुकलं. १८२९ ची बंदी कुठेच सापडत नाही. टिपणाची सहाही कलमं मी मराठीत सांगितली. पाचवं त्यांनी दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे निर्णय माझ्यावरच टाकलाय," ते म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं. माणसाला कधी कधी 'हो' किंवा 'नाही' च हवं असतं.

९ नोव्हेंबर २०२१ ला जिल्हा प्रशासनाचा आदेश आला : लशीचा किमान एक डोस घेतला नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही, आणि अजिंठा-वेरूळही पाहता येणार नाही. त्या वेळच्या बातम्यांनुसार आपल्या जिल्ह्यात पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्के जणांनी लस घेतली होती, राज्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं, आणि ३६ जिल्ह्यांत आपला नंबर २६ वा होता. प्रशासनाची काळजी खोटी नव्हती. पण ज्याचं रेशन बंद होणार तो बहुतेक सर्वांत गरीब, हेही खोटं नव्हतं.

सक्तीचा हा प्रश्न व्हॅटिकनलाही सुटला नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हॅटिकन शहर-राज्याने लस नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाईची शक्यता ठेवणारा आदेश काढला आणि टीका झाल्यावर खुलासा केला. १ ऑक्टोबर २०२१ पासून आत यायला आरोग्य-पास लागू झाला, फक्त उपासनेपुरतं येणाऱ्यांना सूट होती. तत्त्वाचं टिपण काढणारी आणि शहर चालवणारी संस्था एकच असली तरी तिचे कागद एकच भाषा बोलत नाहीत. प्रबंधात 'चर्चचं म्हणणं' असं एकवचन लिहिताना हे आठवा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ ला, डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर, निकाल दिला की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकतं. पाचव्या कलमाशेजारी हा निकाल ठेवून पाहा. एक धर्मशास्त्रातून आलंय, दुसरं राज्यघटनेतून, पण 'बंदी' आणि 'सक्ती' यांच्या मधली जी जागा दोघांना राखायची आहे ती बरीचशी एकच आहे.

तुमच्यासाठी

संशोधनाची तयारी करताना तीन गोष्टी जवळ ठेवा. तळटीप दिसली की तिच्या मागे मूळ कागद मिळेपर्यंत जा, आणि नाही मिळाला तर तसं लिहा. कुठल्याही मार्गदर्शनपर मजकुरात 'चालेल', 'करावं' आणि 'केलंच पाहिजे' या तीन क्रियापदांखाली वेगवेगळ्या रंगाची रेघ मारा. निम्मे वाद तिथेच मिटतात. आणि चुकीचं उत्तर दिलं असेल तर ते ज्याला दिलं त्याच्याकडे परत जा. मसुदा दुरुस्त करणं सोपं असतं. मी चुकीचं सांगितलं तेव्हापासून दुरुस्तीपर्यंतचे ते दोन-अडीच महिने काका लशीशिवाय, मिनी घाटीपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. त्यांना काही झालं नाही, हे माझं नशीब.

त्यांनी लस घेतली ती मिनी घाटीतच. प्रमाणपत्रावरची तारीख नोव्हेंबरमधली आहे, आदेशानंतर चार दिवसांची. मी हा लेख लिहितेय म्हटल्यावर त्यांनी बजावलं, "पेट्रोलसाठी घेतली असं लिहू नकोस. माझं आधीच ठरलं होतं."

कागद तारीख सांगतो, कारण सांगत नाही. मी दोन्ही लिहून ठेवलंय.